ताहराबादची पोथी



राहुरी म्हटलं की कुणाला कृषी विद्यापीठ आठवतं, कुणाला मुळा धरण. आज आपण याच तालुक्यातल्या ताहराबादला जाऊ या. तिथे १७१५ साली महिपती जन्मले. घरी कुलकर्णीपण होतं, म्हणजे गावचा हिशेब लिहिण्याचं काम. एकदा ते पूजेला बसलेले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. "पूजा आटोपून येतो," असं सांगितलं तरी तो ऐकेना. तेव्हापासून महिपतींनी चाकरीसाठी लेखणी धरायची नाही असं ठरवलं, अशी आख्यायिका आहे.

मग त्या लेखणीनं काय केलं? संतांच्या गोष्टी लिहिल्या! त्यांचा 'भक्तविजय' १७६२ साली पुरा झाला. अध्याय ५७ आणि सगळे ओवीत. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड. त्यामुळे ज्याला अक्षर येत नाही त्याच्याही कानात ती बसते. एकानं वाचायचं आणि गावानं ऐकायचं, यासाठी इतकं सोयीचं दुसरं काही नाही!

आणि गोष्टी कुणाच्या, तर अडचणीत सापडलेल्या माणसांच्या. त्यातली दामाजीपंतांची तर नगरकडच्या माणसाला फारच जवळची. दामाजी मंगळवेढ्याला बिदरच्या बादशहाचे अधिकारी. मोठा दुष्काळ पडला. लोक अन्नावाचून तडफडू लागले, आणि इकडे सरकारी कोठारं धान्यानं भरलेली. दामाजींनी ती सरळ लुटवली. बादशहानं त्यांना पकडून आणायला माणसं धाडली. पण दामाजी पोचायच्या आत विठू महार नावाचा एक माणूस दरबारात हजर झाला. हातात एवढीशी थैली. ती उपडी केली, तर मोहरा संपेचनात! धान्याची सगळी किंमत चुकती करून, पावती घेऊन स्वारी पसार. तो कोण होता, हे तुम्हीही ओळखलं असेल.

ज्यांना त्या काळी देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांचं रूप देवानं घेतलं. मग ही पोथी ऐकताना गावातली ती माणसं कुठे बसत असतील? हा प्रश्न मला नेहमी पडतो. तुम्हीही मोठ्यांना विचारून पाहा.

आपला हा भाग कमी पावसाचा. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या माणसांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. दिवसभर राबून आलेली माणसं चातुर्मासात रात्री देवळात पोथीला का बसतात? पोथी ऐकून पाऊस पडत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं की! पण घरात एकट्यानं रिकाम्या कणगीकडे बघत बसणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून कोठार उघडल्याची गोष्ट ऐकणं वेगळं. शेवट सगळ्यांना पाठ. तरी विठू थैली उपडी करतो तेव्हा म्हातारी माणसं डोळे पुसतात, पोरं हसतात. मग आरती, आणि हातावर चिमूटभर साखर.

तुमच्या गावात 'भक्तविजय' लावत असतील, तर दामाजीच्या अध्यायाला जरूर जा बरं का! आणि बसायचं ते आजीच्या शेजारी. तिला पुढची ओवी वाचणाऱ्याच्या आधी येते.