जुन्या गाडीचं अस्तर

अब्बांनी घेतलेली 1984 ची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून चालती आहे. तिच्या छताचं अस्तर फाटलं, नवं करायचं ठरलं, आणि जो तो एकच सांगू लागला : सगळ्या छताला जाड डॅम्पिंग शीट मारून घ्या, गाडी थंड राहील आणि शांतही. मला हा सल्ला महागडा वाटतो, आणि अर्धा चुकीचाही.

आवाज आणि ऊन ही दोन वेगळी दुखणी आहेत. ब्युटाइल रबराची शीट पत्र्याची थरथर मारते. पावसात छत डब्यासारखं वाजतं, ते तिनं कमी होतं. पण त्यासाठी मोकळ्या पत्र्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर तुकडे लावले तरी पुरतं. 2 मिलिमीटरची शीट चौरस मीटरला 3 किलोच्या आसपास भरते. एवढं ओझं गाडीच्या डोक्यावर कशाला? आणि इंजिनाचा आवाज छतातून येत नाही, तो पायाखालून आणि डॅशबोर्डामागच्या पत्र्यातून येतो. छताच्या कामावर शांततेचं बिल लावणाऱ्याला हे जरूर विचारा.

उन्हाला फोम हवा, तोही पाणी न पिणारा. एसीच्या पाइपांवर जो काळा रबरी फोम असतो, तसला, 6 मिलिमीटरचा. साधा स्पंज किंवा नमदा स्वस्त पडतो, पण नाशिकच्या थंडीत पहाटे पत्र्याला आतून दव धरतं, ते त्यात मुरतं आणि छत आतून गंजू लागतं. पद्मिनी कारखान्यातून निघणं बंद होऊन 20 वर्षं उलटली. नवं छत कुठून आणणार? डांबरी शीट तर छताला नकोच; मे महिन्यात ती मऊ पडते, वास मारते आणि सुटून अस्तरावर येते.

या गाडीत एक सोय मुळातच आहे. अस्तर पत्र्याला चिकटवलेलं नसतं, तारेच्या कमानींवर ताणलेलं असतं, मधे हवेची पोकळी राहते. फोमवर चकचकीत फॉइल असेल तर ती बाजू खाली, या पोकळीकडे ठेवावी. दोन थरांत दाबलेलं फॉइल ऊन अडवत नाही. फोम इतका जाडही नको की पोकळीच बुजेल.

(अस्तर हा शब्द फारसीतला. मराठीच्या तासाला सांगितला की मुलं म्हणतात, सर, हा तर उर्दूचा!)

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. त्यांच्या छतांची फुलाफुलांची रेक्झिन अनेकांना आठवत असेल. कमानींवर अस्तर ताणून शिवणारे कारागीर आता मोजकेच उरलेत, आणि घासाघीस होते ती त्यांच्याच मजुरीत. शीटच्या डब्यावरची किंमत मात्र आपण मुकाट्यानं देतो. मी शीट कमी घेतली आणि उरलेले पैसे आमच्या कुशनवाल्या चाचांच्या मजुरीत घातले. काम त्यांनी दोन दिवस घेऊन केलं; कोपऱ्यात एकही सुरकुती नाही.