मिक्स मालाला दाम मिळू द्या

मा. संचालक,
राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पाषाण, पुणे

शाम्पूची बाटली बहुधा एचडीपीईची, म्हणजे दाट पॉलिथिनची असते आणि झाकण पीपीचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे. कचरावेचक दोन्ही एकत्रच उचलतात आणि भंगारच्या दुकानात त्याचा ‘मिक्स माल’ होतो. पाण्याच्या हौदात टाकले तर पीईटी आणि पीव्हीसी बुडतात, पण एचडीपीई आणि पीपी पाण्याहून हलके, त्यामुळे दोन्ही तरंगतच राहतात. एकत्र वितळवून दाणा पाडला, की तो वरकरणी एकजीव दिसतो. आत मात्र एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात नुसते अडकलेले असतात, सीमेवर पकड नसते. अशा दाण्याची बादली तिथेच तडकते. म्हणून मिक्स मालाला भाव कमी, आणि तो तोटा अखेर वेचणाऱ्यांच्या पदरी पडतो.

यावर तोडगा निघालेला आहे: दोन प्लास्टिकांना बांधून ठेवणारा जोडक. 2017 मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतील संशोधकांनी पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनचे तुकडे आलटून पालटून जोडलेली साखळी तयार केली. तिचा एक तुकडा एका प्लास्टिकमध्ये रुततो, पुढचा दुसऱ्यात. जेमतेम एक टक्का मिसळल्यावर ठिसूळ मिश्रण चिवट झाले. नायलॉन-पॉलिथिनच्या मिश्रणासाठी मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिथिन तर मोठे उद्योग कधीपासून वापरतात. छोट्या दाणेवाल्याकडे मशीन असते. पण त्याच्या मालात काय आहे आणि त्यात काय, किती घालायचे, हे सांगणारे कोणी नसते.

आपली संस्था 1950 पासून पुण्यात आहे आणि बहुवारिकांवरचे तिचे काम जगाला ठाऊक आहे. याच शहरात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. ही दोन टोके जुळावीत, एवढेच मागणे आहे. छोट्या कारखान्यांचे नमुने परवडणाऱ्या दरात तपासून द्या. कोणत्या मिश्रणाला कोणता जोडक, किती प्रमाणात, किती तापमानाला, हे मराठीत छापा. काय मिसळू नये, हेही ठळक लिहा: पीईटी वितळते सुमारे 250 अंशांना, तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडते. तो वायू मशीन गंजवतो आणि कामगाराच्या फुप्फुसात जातो.

मिक्स प्लास्टिकचे बाक आणि फरशा करून समाधान मानणे मला पटत नाही. बाटलीतून पुन्हा टिकाऊ क्रेट, पाइप, बादली निघाली पाहिजे. त्यासाठी आपल्या दारात एक तपासणी-खिडकी याच वर्षी उघडावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक पुणेकर