वाघूरकाठचा कचरा ताटात येऊ नये म्हणून

वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरातून लेण्यांच्या पायथ्याने पहूरला येते आणि पुढे वाघूर धरणात जाते. तेच पाणी जळगाव शहर पितं. त्यामुळे पहूर पेठ आणि पहूर कसबे या दोन ग्रामपंचायतींनी कचरा कुठे टाकायचा, हा प्रश्न गावापुरता उरत नाही. ग्रामसभेने पुढील मुद्द्यांवर बोलावं, ही कळकळीची विनंती.

1. जुन्या उकिरड्यात शेण, राख, पालापाचोळा असायचा. आखाजीच्या सुमारास तो शेतात पडला तर जमिनीचं भलंच व्हायचं. आजच्या ढिगात जुन्या बॅटऱ्या, फुटक्या ट्यूबलाइट, रंगाचे डबे, कपाशीवर मारलेल्या औषधांच्या बाटल्या, केळीच्या घडांवरच्या प्लास्टिक पिशव्या, सलाइनच्या सुया असतात. त्यातून शिसं, कॅडमियम, पारा सुटतो. धातू कुजत नाहीत.

2. पावसाचं पाणी ढिगातून झिरपून काळपट, उग्र वासाचं होऊन बाहेर पडतं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि पहिल्या पावसात हे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं. खाली काळ्या पाषाणाच्या फटी, त्यापुढे विहिरी. काळी जमीन चिकण आणि विम्लधर्मी असल्याने बरेचसे धातू धरून ठेवते, ही दिलाशाची गोष्ट खरी. पण धरलेलं नाहीसं होत नाही, दरवर्षी त्यात भर पडते. पुण्याच्या कचऱ्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरी नासल्या, बागायती गावांवर टँकरची वाट पाहायची वेळ आली.

3. सगळी पिकं सारखी नसतात. पालक, मेथीसारख्या पालेभाज्या कॅडमियम लवकर ओढतात. शिसं बहुधा धुळीसोबत पानांवर आणि मातीसोबत मुळ्या-गाजरांवर येतं. ढिगाशेजारच्या वावरात भाजीपाला नकोच.

4. “कोणी आजारी पडलं का?” असं विचारलं जातं. प्रश्नच चुकीचा आहे. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायला 10 ते 30 वर्षं लागतात. जपानमध्ये जिंझू नदीत खाणीचं सांडपाणी मिसळलं, त्या पाण्यावरचा भात खाऊन बायकांची हाडं ठिसूळ होऊन मोडली. सरकारने त्याला प्रदूषणाचा आजार म्हणून मान्यता दिली 1968 मध्ये, लोक कित्येक दशकं भोगत असताना. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं, आणि त्याची सुरक्षित पातळी नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत हे ताप-खोकल्यासारखं दिसणार नाही.

5. ढीग पेटवणं आजच थांबवा, त्याला एक रुपयाही लागत नाही. प्लास्टिकच्या धुरातली डायॉक्सिन चाऱ्यावर बसतात, गुरांच्या पोटात जातात आणि दुधाच्या स्निग्धांशातून घरात येतात.

6. कचरा डेपोची चाळलेली माती खत म्हणून ट्रॉलीने घेण्याआधी तपासणीचा अहवाल मागा. कचऱ्यापासून केलेल्या खतात किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम आणि शिसं 100 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. अहवाल नसेल तर ट्रॉली परत पाठवा, फुकट असली तरी.

7. मृदा आरोग्य पत्रिका हातात असली म्हणून निश्चिंत होऊ नका. 2015 पासूनच्या या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त अशा 12 बाबी तपासतात. शिसं आणि कॅडमियम त्यांत नाहीत. मला यातली सर्वांत मोठी उणीव हीच वाटते, कारण शेतकरी त्या कागदावर विश्वास ठेवतो. या दोन धातूंची तपासणी वेगळी मागावी लागेल. माती, विहिरीचं पाणी आणि पालेभाजी यांचे नमुने पावसाआधी आणि पावसानंतर घ्यावेत, यासाठी दोन्ही ग्रामपंचायतींनी ठराव करून जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला साकडं घालावं.

8. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा भरावासाठी नदीपासून 100 मीटर, वस्ती आणि पिण्याच्या विहिरींपासून 200 मीटर अंतर घातलं. गावाने निदान तेवढं तरी पाळावं. नाल्याकाठी टाकलेला कचरा आधी उचला, औषधांच्या बाटल्या आणि बॅटऱ्या वेगळ्या गोळा करा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. त्यातला किती पैसा कचऱ्यावर खर्च झाला, त्याचा हिशेब येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावा.