मेलेले ढोर ओढणे आणि जिवंत ढोर वाचविणे



बारावीचे निकाल लागले की केळशीपासून मंडणगडापर्यंतच्या बौद्धवाड्यांतून एकच चर्चा सुरू होते : मुलाने पुढे काय व्हावे ? वकील, शिक्षक, इंजिनियर, माणसांचा डॉक्टर, ही नावे घरातील वडीलधाऱ्यांना चटकन मानवतात. परंतु एखाद्या मुलाने वा मुलीने ‘मला गुराढोरांचा डॉक्टर व्हावयाचे आहे’ असे म्हटले, तर आजोबांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘ज्या ढोरांपायी आपल्या पिढ्या नासल्या, त्या ढोरांकडे पुन्हा कशाला ?’ असे ते विचारतात. या प्रश्नाची कोणी थट्टा करू नये. तो पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे, आणि म्हणूनच त्याचे सरळ उत्तर दिले पाहिजे. आमचे उत्तर असे, की आपल्या मुलांनी पशुवैद्यकाचे शिक्षण अवश्य घ्यावे; मात्र त्या वाटेवरचे चढउतार आधी नीट समजून घ्यावेत.

आजोबांचे दुःख कोणते ते प्रथम पाहू. गावात बैल मेला की तो ओढून नेण्याचा हुकूम महाराला होत असे. तो बैल कशाने मेला हे त्याला कोणी विचारीत नसे, आणि तो जिवंत असता त्याला वाचविण्याची विद्याही कोणी त्याला शिकवीत नसे. गोठ्यात पाऊल टाकावयाची बंदी, पण गोठ्यातील मढे मात्र त्याच्या वाट्याला ! १९२७ साली मार्चमध्ये केळशीहून फारशा दूर नसलेल्या महाडात परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याची आज्ञा दिली, आणि त्यानंतर गावोगावच्या लोकांनी उपासमार सोसून, बहिष्कार सोसून हे काम टाकले. १९५६ साली १५ ऑक्टोबरला नागपूरच्या भाषणात त्यांनी याच विषयाचा पुन्हा उल्लेख केला. मेलेल्या ढोरांच्या कातड्याचे नि शिंगांचे उत्पन्न महार फुकट घालवीत आहेत, असे सांगणाऱ्यांना त्यांनी उलट विचारले, की एवढा लाभ आहे तर तो तुम्हीच का घेत नाही ? पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले आणि या सक्तीचा कागदोपत्री आधारही गेला.

आता विचार करा. या सगळ्यांत निंद्य काय होते ? जनावर निंद्य होते काय ? श्रम निंद्य होते काय ? निंद्य होती ती सक्ती, निंद्य होते ते अज्ञान लादणे, आणि निंद्य होते जन्मावरून काम वाटणे. जातिसंस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. जो मनुष्य स्वेच्छेने, परीक्षा देऊन, विद्या संपादून, पगार घेऊन, स्वतःच्या सहीने प्रमाणपत्र देऊन जनावराची चिकित्सा करतो, त्याचे काम आणि वेठीने मढे ओढणाऱ्याचे काम ही एक नव्हेत. पशुवैद्यालाही मेलेले जनावर उघडून पाहावे लागते हे खरे. पण तो मृत्यूचे कारण शोधण्यासाठी ते उघडतो, आणि त्याचा निष्कर्ष सारे गाव मानते.

आपण ज्या धम्माचा स्वीकार केला, त्याच्या इतिहासातही याला आधार आहे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्हींची व्यवस्था केल्याचे नोंदविले आहे. औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचेही नमूद केले आहे. मुक्या प्राण्याचे दुःख हा राज्याच्या कर्तव्याचा विषय आहे, असे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दगडावर कोरले गेले. करुणा ही नुसती बोलण्याची वस्तू नाही. तिला औषध लागते, आणि औषधाला विद्या लागते.

ही विद्या मिळते कोठे ? मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली परळ येथे निघाले. कोकणातील हजारो कुटुंबे ज्या परळात गिरणीच्या भोंग्यावर जगली आणि जेथील चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले, तेच हे परळ. त्या गिरण्यांतील विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. अशा काळात शेजारच्या महाविद्यालयाच्या दारात आपली मुले कोठून दिसणार ? पुढे हे महाविद्यालय काही काळ आपल्याच दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाखाली होते. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्याकडे गेले. नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील महाविद्यालयेही याच विद्यापीठाची आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलाला घर सोडल्यावाचून हे शिक्षण घेता येत नाही, हे आईबापांनी आरंभीच ध्यानी घ्यावे.

प्रवेशाची पहिली पायरी बारावीची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असलेच पाहिजेत. दहावीनंतर कोणी जीवशास्त्र सोडले, तर ही वाट तेथेच बंद होते. दुसरी पायरी ‘नीट’ या परीक्षेची. तिच्या ७२० गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६०, जीवशास्त्राचे असतात. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. शहरातील मुले हजारो रुपये भरून दोन-दोन वर्षे शिकवणीला जातात. वाडीतील मुलाजवळ पाठ्यपुस्तक आणि जिद्द एवढेच असते. या असमान शर्यतीला कोणी ‘गुणवत्ता’ म्हणत असेल तर म्हणो, आपण मात्र मुलाला खचू देऊ नये. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून फॉर्म फाडून टाकू नये. वरच्या क्रमांकाची पुष्कळ मुले माणसांच्या वैद्यकाकडे वळतात, जागा रिकाम्या होतात आणि यादी खाली सरकते. शेवटच्या फेरीपर्यंत जो टिकतो, त्याला संधी असते.

तिसरी पायरी कागदांची, आणि येथेच आपली पुष्कळ मुले घसरतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीत फक्त हिंदूंना धरले होते. १९५६ साली आपल्या लोकांनी धम्म स्वीकारला आणि त्याची किंमत म्हणून केंद्राच्या सवलती गमावल्या. महाराष्ट्र शासनाने १९६० नंतर नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा करून बौद्धांचा समावेश केला. मध्ये ३४ वर्षे गेली. त्या वर्षांत किती बुद्धिमान मुले शाळेच्या दारातून परत गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय ?

आज कायदा आपल्या बाजूस आहे, पण कायद्याला पुरावा लागतो. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी ही दोन्ही हाती असावी लागतात. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला वा गावची जुनी नोंद. जे नाव आपण टाकून दिले, तेच नाव जुन्या वहीतून शोधून आणावे लागते, हे मनाला बोचते. पण यात लाज आपली नाही. ज्यांनी ते नाव कलंकित केले त्यांची आहे. तो कागद हा आपल्यावरील अन्यायाचा पुरावा आहे, आणि न्याय मागावयास पुरावा न्यावाच लागतो. म्हणून निकालाची वाट न पाहता मूल अकरावीत जाताच हे काम हाती घ्यावे. केंद्राच्या जागांसाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, हेही विसरू नये.

प्रवेश मिळाला म्हणजे सारे झाले असेही नाही. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे : साडेचार वर्षे अध्ययन आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम. सारे शिक्षण इंग्रजीतून. पहिल्याच वर्षी शरीररचनेचा डोंगर समोर उभा राहतो. माणसांच्या डॉक्टराला एकाच देहाची हाडे शिकावयाची असतात, येथे गाय, घोडा, कुत्रा, कोंबडी असे अनेक देह शिकावे लागतात. ज्याला आरंभी इंग्रजी पुस्तकाचे एक पान वाचावयास तास लागतो, त्याला वाटते की आपण येथले नव्हेच. अशा वेळी शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते, खानावळीचे देणे थकते, आणि घरी पत्र लिहावे तर आई काळजी करील म्हणून मूल गप्प राहते. वाचकहो, पुष्कळ वेळा मुले बुद्धीने हरत नाहीत, एकटेपणाने हरतात.

परंतु जो टिकतो, तो कोणाच्या उपयोगी पडतो ? बुळकांडीने एके काळी गोठेच्या गोठे रिकामे होत. लस आणि पशुवैद्य यांच्या बळावर हा रोग २०११ साली साऱ्या जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या हे अजून आहेत. २०२२ साली लम्पी रोगाने महाराष्ट्रातील गोठ्यांत कसा हाहाकार केला, हे सर्वांनी पाहिले. कोकणातील लहान चणीच्या कपिला गाई आणि दोन-चार शेळ्यांवर जगणारी विधवा, यांना मुंबईचा दवाखाना काय कामाचा ? त्यांना हवा आहे पावसाळी रात्री वाडीवर येणारा डॉक्टर. १९८४ च्या कायद्याप्रमाणे पदवी घेऊन नाव नोंदविलेल्यालाच पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येतो. म्हणजे हा अधिकार कोणाच्या जन्माने ठरत नाही. पदवीने जात मरते, असा भ्रम आम्ही पसरविणार नाही. पण ज्या गोठ्याबाहेर आपला पणजोबा मढ्याची वाट पाहत उभा राहिला, त्याच गोठ्यात त्याची पणती जिवंत वासराला जन्म देण्यासाठी मानाने बोलाविली जाते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून प्रत्येक वाडीला आमची विनंती आहे. विहारात एक फळी पुस्तकांसाठी ठेवा आणि एका मुलाची जुनी पुस्तके दुसऱ्यास द्या. कागदपत्रे जाणणाऱ्या एका माणसाने दाखल्यांचे काम अंगावर घ्यावे. मुंबईस वा पुण्यास असलेल्या नोकरदारांनी नवीन विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी महिन्यातून एक वेळ तरी घरी जेवावयास बोलवावे. शिष्यवृत्ती अडेल तेव्हा वर्गणीतून उसने द्यावे. मुलगी असेल तर ‘गुरांचे काम मुलीला कसे झेपेल’ हे वाक्य कोणी उच्चारू नये.

आणि आजोबांना एवढेच सांगावे : तुम्ही मेलेले ढोर टाकले म्हणूनच तुमची नात आज जिवंत ढोराला हात लावावयास मोकळी आहे. तिला आडवू नका. फॉर्मावर सही करा.