तार गेली, तारेचा अधिकार राहिला

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी व वडीगोद्री ही गावे आरक्षणाच्या आंदोलनांमुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाली. अंतरवाली सराटीत श्री. मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठी, तर वडीगोद्रीत जून २०२४ मध्ये श्री. लक्ष्मण हाके यांनी ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण केले. तत्पूर्वी, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट सेवा काही तास बंद ठेवण्यात आली.

अफवांमुळे समाजासमाजांत तेढ वाढू नये, हा अशा आदेशांमागील हेतू समजण्याजोगा आहे. परंतु इंटरनेट बंद होते तेव्हा दुकानदाराचा व्यवहार अडतो, विद्यार्थ्याचा अर्ज राहतो आणि अफवेचे खंडन करणारी खरी बातमीही पोहोचत नाही.

हा अधिकार शासनाला १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातून मिळाला होता. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेचा कायदा मात्र चालू राहिला. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार अधिनियम संमत केला. सेवा स्थगित करण्याचा अधिकार देणारे त्याचे २० वे कलम २६ जून २०२४ रोजी लागू झाले. 'सार्वजनिक आणीबाणी' व 'सार्वजनिक सुरक्षितता' ही जुनीच कारणे तेथे कायम आहेत आणि त्यांची व्याख्या नव्या कायद्यानेही केलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात असे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरविले व बेमुदत बंदी अमान्य केली. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांनी हे तत्त्व स्वीकारले: आदेश सकारण व प्रसिद्ध असावा, क्षेत्र स्पष्ट असावे, मुदत पंधरा दिवसांहून अधिक नसावी. ही प्रगती स्वागतार्ह आहे. मात्र आदेशाची छाननी करणाऱ्या समितीत आजही केवळ शासनाचेच सचिव आहेत. एकही न्यायाधीश नाही. ज्याने कुलूप लावले, त्याच्याच घरातील माणसे ते योग्य की अयोग्य हे ठरविणार!

म्हणून पुन्हा कधी सेवा बंद झाली, तर नागरिकांनी शांतपणे तीन प्रश्न विचारावेत: आदेश कोठे प्रसिद्ध झाला? कारण काय? मुदत किती? कायदा खऱ्या अर्थाने आधुनिक झाला की नाही, हे ह्या उत्तरांवरून कळेल.