हिरोजीची भूमिका कोण करणार?

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. अलीकडे मात्र त्यांत नाटक औषधालाही सापडत नाही. चित्रपटगीते लावायची, बाहेरून नृत्यदिग्दर्शक आणायचा, भाड्याचे पोशाख चढवायचे आणि प्रत्येक वर्गाने पाच मिनिटे रंगमंचावर हातपाय हलवायचे, की झाले संमेलन! आपला पाल्य भ्रमणध्वनीच्या चित्रणात दिसला म्हणून पालक संतुष्ट आणि शिक्षकही सुटले.

यात आपण काय गमावले, हे सांगायला एक प्रवेश पुरे आहे. 'आग्र्याहून सुटका' हा शालेय रंगमंचावरचा जुना, हुकमी विषय. १६६६ सालच्या त्या प्रसंगात शिवाजी महाराज व्हायला अर्धा वर्ग तयार असतो. पण परंपरेने सांगितल्याप्रमाणे, महाराजांच्या जागी तोंडावर शेला ओढून, केवळ अंगठीचा हात बाहेर ठेवून निजलेला हिरोजी फर्जंद कोणी व्हायचे? त्याला वाक्य नाही, टाळी नाही, चेहराही कोणाला दिसत नाही. आमच्या शाळेत ती भूमिका माझ्या वाट्याला आली होती. पहारेकरी डोकावून जाईपर्यंत खोकलासुद्धा दाबून पडून राहायचे. हात हलला, तर महाराज कितीही तडफेने बोलोत, सारा प्रवेश कोसळणार, हे तालमींतच उमगले. अनाम राहून कार्य करण्याविषयी पुढे पुष्कळ बौद्धिके ऐकली. पहिला पाठ त्या शेल्याखाली मिळाला.

नृत्यात सर्वांना संधी मिळते, हा आक्षेप खरा आहे. परंतु नाटकालाही पडदा ओढणारा, विंगेतून वाक्य सुचवणारा, पुठ्ठ्याच्या ढालींना रंग देणारा लागतोच. महिनाभराच्या तालमीत एका डब्यातून खाल्लेली मुले एकमेकांची जात विचारत नाहीत. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत अस्पृश्यतेच्या प्रश्नावर 'उःशाप' (१९२७) हे नाटक लिहिले, ते रंगभूमीचे हे सामर्थ्य ओळखूनच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली कलेच्या आधारे शिक्षण देण्याचा आग्रह धरला. शिक्षकांमागची अशैक्षणिक कामे पाहता, तो त्यांच्या एकट्याच्या बळावर फळेल असे वाटत नाही. पालक-शिक्षक संघांत आपले कार्यकर्ते असतात. पुढील संमेलनाची आखणी होण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधीच, त्यांनी मुख्याध्यापकांकडे अर्ध्या तासाचे एक नाटक मागावे आणि सायंकाळच्या तालमींना बसण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी.