बटण उलटून बघा

‘व्हिंटेज’ हा शब्द हल्ली हणजुणच्या बुधवारच्या बाजारापासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत सगळीकडे दिसतो. कॉलेजातही जुन्या वळणाची डेनिमची जाकिटं, जीन्स घालून येणारे पुष्कळ आहेत. खुशाल घालावीत, मीही घालतो. पण ‘हे अस्सल जुनं आहे हं!’ असं कुणी म्हणालं, की मी आधी बटण उलटून बघतो. माझं म्हणणं एवढंच, की बटणाची खरी ओळख त्याच्या पाठीवर असते. आणि नक्कल करण्यात मला काही वाईट दिसत नाही. ती नक्कल आहे हे लपवून विकण्यात दिसतं.

मराठीच्या मासिकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द घ्या. तो मुंबईच्या डोंगरीवरून तिकडे गेला. तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाचं ते नाव, पुढे कामगारांच्या कपड्यांना चिकटलं. दुसरी गोष्ट महत्त्वाची. राजाचा अंगरखा संग्रहालयात जातो, कामकऱ्याचा कपडा फाटेपर्यंत वापरला जातो आणि शेवटी त्याचं पोतेरं होतं. मागे उरतं ते बटण. त्याच्याबद्दल खोटं बोललं, तर त्या माणसाचा उरलासुरला पुरावाही गेला.

उदाहरणासाठी जीन्सच घेऊ, कारण तिचा इतिहास नीट नोंदलेला आहे. रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी लेव्हाय स्ट्रॉस यांना खिशाच्या कोपऱ्यांवर रिव्हेट ठोकण्याचं पेटंट २० मे १८७३ रोजी मिळालं. तेव्हा पँट गॅलिसवर टांगायची पद्धत होती, म्हणून कमरेला गॅलिसची बटणं असत. पट्ट्यासाठी लूप आले १९२२ मध्ये आणि गॅलिसची बटणं निघाली १९३७ मध्ये. एवढ्या दोन सालांवरूनसुद्धा विकणाऱ्याची निम्मी गोष्ट तपासता येते. २००१ साली याच कंपनीने १८८० च्या दशकातली आपलीच एक पँट ४६,५३२ डॉलरना परत विकत घेतली. जिथे एवढा पैसा, तिथे बनावट माल येणारच.

आता बघायचं काय? जीन्सचं धातूचं बटण शिवलेलं नसतं, मागून खिळा घालून ठोकलेलं असतं. पुढच्या बाजूला नाव, नक्षी असते. बनावट करणारा सगळी मेहनत तिथेच घेतो. म्हणून मागे बघा. जुना लोखंडी खिळा कापडात गंजतो आणि भोकाभोवती तांबूस डाग पसरतो. बटणाखालचं कापड आजूबाजूच्या कापडापेक्षा गडद राहतं, कारण तिथे ऊन आणि घासणी कमी पोचते. बटण कालपरवा बसवलं असेल तर हा फरक सहसा दिसत नाही.

मग झीज बघा. वापरलेल्या बटणाचे उंच भाग बोटं लागून गुळगुळीत होतात आणि खोलगट भाग काळे राहतात. आम्लात बुडवून म्हातारं केलेलं बटण बहुतेक सगळीकडे सारखंच काळपट दिसतं. अक्षरंही वाचा. ठसा मारून केलेल्या अक्षरांच्या कडा रेखीव असतात. अस्सल बटणावरून साचा करून ओतलेली नक्कल बोथट दिसते, तिला बारीक खड्डे असतात आणि धातू थंड होताना आकसल्यामुळे ती मूळ बटणापेक्षा किंचित लहान भरते.

लोहचुंबकावर मात्र आंधळा विश्वास नको. ‘चिकटलं म्हणजे नकली’ असं बरेच जण सांगतात. पण दुसऱ्या महायुद्धात तांब्याची इतकी टंचाई होती, की १९४३ मध्ये अमेरिकेने एक सेंटची नाणीसुद्धा पोलादाची पाडली. त्या काळात जीन्सवर कंपनीचं नाव नसलेली, पानांच्या माळेची साधी बटणंही बसवली गेली. म्हणजे नाव नाही म्हणून बटण खोटं ठरत नाही. आणि बिननावाच्या बटणाची नक्कल करणं सर्वांत सोपं, म्हणून ते खरंही ठरत नाही. एका खुणेवर निकाल देऊ नये, चार खुणा जुळवाव्यात. बटण सेल्युलॉइडचं असू शकतं असं वाटलं, तर गरम सुई टोचायची चाचणी अजिबात करू नका, ते भडकन पेटतं.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. जुन्या पँटवर एखादं बटण वेगळं असतं. कुणीतरी घरी, हाताला मिळेल ते बसवलेलं. विकणारे ते काढतात, नवी नक्कल ठोकतात आणि ‘संपूर्ण मूळ’ म्हणून भाव वाढवतात. मला ते विजोड बटण जास्त मोलाचं वाटतं. त्या कपड्यात कुणी राबलं, त्याच्या घरी कुणी तो दुरुस्त केला, हे त्याच्यावरूनच कळतं.

नक्कल करणारे सगळेच लबाड नसतात. जपानमध्ये कित्येक छोट्या कंपन्या जुन्या जीन्सच्या सुंदर प्रतिकृती करतात आणि त्यांवर स्वतःचं नाव घालतात. आपल्याकडे पोथीची नक्कल करणारा लेखनिक शेवटी आपलं नाव आणि शक लिहायचा, त्यातलाच हा प्रकार. अशी नक्कल मी आनंदाने घालेन.

गोव्यात तारवटींची घरं कमी नाहीत. बोटीवर राबलेल्या आजोबांच्या कोटाची बटणं एखाद्या पत्र्याच्या डब्यात पडलेली असतील. ती चिंच लावून लखलखीत करू नका. काळेपणाबरोबर पुरावाही जाईल. कापडाचा तुकडा लटकत असेल तर तो कापू नका. एका चिठ्ठीवर लिहा: कुणाचा कोट, कुठली बोट, अंदाजे कुठलं साल. आज्जी हयात असेल तर आजच विचारा, पाठीवरच्या खुणा वाचण्यापेक्षा ते सोपं आहे.